ताबा घेण्यापूर्वी: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

बांधकाम, पाणीपुरवठा आणि देखभाल या विषयांवर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रे वेगवेगळ्या ठिकाणांहून आली असली, तरी चौघांची अडचण एकाच जागी येऊन थांबते. बांधण्यासाठी मंजुरी मिळते, पैसा मिळतो, काम उभेही राहते. पण ते पुढची वीस-तीस वर्षे चालते ठेवायचे कोणी आणि कोणत्या पैशातून, हे कोणत्याही कागदावर लिहिलेले नसते. ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या कामांत माझी बहुतेक नोकरी गेली, त्यामुळे पहिल्या पत्राला मी अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : मी मराठवाड्यातील एका गावाची सरपंच आहे. जलजीवन मिशनमधून आमच्याकडे ३०० नळजोडण्यांची योजना झाली. ठेकेदार आता ताबापत्रावर सही मागत आहे. गावठाणात पाणी येते, पण टोकाच्या वस्तीला हंडाभरही धड मिळत नाही. सही केली नाही तर योजना रखडवल्याचा ठपका माझ्यावर येईल, असे सांगितले जाते. मी काय करावे?

उत्तर : सरपंचताई, सहीची घाई करू नका आणि नकारही तोंडी देऊ नका. आपले म्हणणे लेखी आणि आकड्यांत मांडा, म्हणजे ठपक्याची भीती राहणार नाही. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या या मिशनचे उद्दिष्ट प्रत्येक घराला माणशी रोज ५५ लिटर शुद्ध पाणी नियमित मिळावे, हे आहे. पाइप टाकून आणि टाकी उभी करून ते उद्दिष्ट गाठले असे होत नाही. शेवटच्या नळाला तेवढे पाणी आले, तरच ते गाठले असे म्हणता येते.

त्यासाठी मोठी यंत्रे लागत नाहीत. वस्तीतल्या शेवटच्या नळाखाली दहा लिटरची बादली ठेवा आणि ती भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहा. पाच माणसांच्या घराला रोज २७५ लिटर पाणी हवे. बादली भरायला दोन मिनिटे लागत असतील, तर त्या घराला ५५ मिनिटे पाणी सुटले पाहिजे. आणि त्या भागाला पाणी ४० मिनिटेच सुटत असेल, तर घरात २०० लिटर, म्हणजे माणशी ४० लिटरच येते. अशी नोंद सलग आठ दिवस ठेवा, शाखा अभियंत्यांना एक दिवस समोर उभे करून त्यांची सही घ्या आणि पंचनाम्यासह ती पत्राला जोडा. ‘पाणी नीट येत नाही’ या वाक्याला उत्तर म्हणून आश्वासन देता येते, माणशी ४० लिटर या आकड्याला मात्र दुरुस्तीच करावी लागते.

हे करण्याआधी आपल्या बाजूचीही तपासणी करावी, अशी विनंती आहे. गावठाणातल्या किती नळांना तोट्या नाहीत आणि किती घरी नळाला थेट मोटार लावून पाणी ओढले जाते, हे एकदा फिरून पाहा. वरच्या भागात पाणी वाहून जात असेल, तर पाइप कितीही योग्य मापाचे असले, तरी टोकाला दाब राहणार नाही, आणि मग दोष ठेकेदाराचा की गावाचा, हा वाद वर्षानुवर्षे चालेल.

जलकुंभाची चाचणी स्वतः उभे राहून करून घ्या. टाकी पूर्ण भरायची, काँक्रीटला पाणी पिऊ देण्यासाठी सात दिवस तशीच ठेवायची आणि त्यानंतरचे सात दिवस बाहेरून पाहणी करायची. या दुसऱ्या आठवड्यात टाकीच्या बाहेरच्या अंगाला कुठेही ओल दिसता कामा नये. ओलीचे डाग असतील, तर बाहेरून रंग मारून ते झाकू देऊ नका. आतली सळई गंजू लागली की, काही वर्षांनी तीच टाकी धोकादायक म्हणून पाडावी लागते.

यानंतरची गोष्ट नकाशाची. अंदाजपत्रकासोबतचा नकाशा उपयोगाचा नाही, कारण काम करताना खडक लागतो, कोणी जागा अडवते आणि पाइपची वाट बदलते. प्रत्यक्षात जसे बांधले तसा नकाशा मागा, त्यात प्रत्येक व्हॉल्व्ह जवळच्या पक्क्या खुणेपासून किती मीटरवर आहे ते लिहून घ्या आणि एक प्रत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवा. माझ्या नोकरीत एका गावी नवा सिमेंट रस्ता झाला आणि त्याखाली व्हॉल्व्हची चेंबर गाडली गेली. मे महिन्यात तो व्हॉल्व्ह अडकला, अर्ध्या गावाचे पाणी बंद झाले, आणि तो नेमका कुठे आहे हे एकाही कागदावर नव्हते. दोन दिवस रस्ता जागोजागी फोडून झाल्यावर निवृत्त वॉलमनला शेतावरून बोलावले. रात्री गाव निजल्यावर त्यांनी पहारीचे एक टोक रस्त्यावर टेकवले, दुसऱ्याला कान लावला आणि खालून वाहणाऱ्या पाण्याचा आवाज कुठे बदलतो ते ऐकत पावलापावलाने पुढे सरकत गेले. ज्या जागी त्यांनी खडूने फुली मारली, तिथे सकाळी खणल्यावर चेंबरचे झाकण लागले. ते गृहस्थ त्या दिवशी परगावी असते तर काय झाले असते, हा विचार मला अजूनही अस्वस्थ करतो.

आता पैशाचे. ताबा घेतला की वीजबिल, पगार आणि दुरुस्ती ग्रामपंचायतीकडे येते, म्हणून सही करण्यापूर्वीच पाणीपट्टीचा हिशेब ग्रामसभेपुढे मांडा. उदाहरणादाखल, १० अश्वशक्तीचा पंप रोज चार तास चालला, तर साधारण ३६ युनिट वीज लागते. महिन्याला सुमारे १,०८० युनिट. दर आठ रुपये धरला, तर ८,६४० रुपये होतात. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचे मानधन १०,००० रुपये, पाणी निर्जंतुक करायची टीसीएल पावडर आणि तपासणी १,५००, किरकोळ दुरुस्ती ४,००० आणि पंप जळाला तर हाताशी असावी म्हणून बाजूला टाकायची रक्कम ६,००० रुपये धरली, तर एकूण सुमारे ३०,००० रुपये होतात. ३०० घरांत ही रक्कम वाटली, तर घरटी १०० रुपये येतात. परंतु ३०० पैकी २१० घरेच वेळेवर भरत असतील, तर त्या घरांवर १४३ रुपयांचा भार पडतो, आणि तेवढा दर आपण लावला नाही, तर तूट आधी राखीव रकमेतून भरली जाते. पहिल्या दोन वर्षांत हे कोणाच्या लक्षात येत नाही, तिसऱ्या वर्षी पंप जळतो. आपले दर आणि आपली वसुली घालून हेच कोष्टक फळ्यावर मांडा, पाणीपट्टीचे बँक खाते वेगळे ठेवा आणि दर महिन्याचा जमाखर्च पाण्याच्या टाकीखाली लावा. कराडजवळच्या मलकापूरने मीटर बसवून चोवीस तास पाणी दिले, तेव्हा जास्त वापराला चढा दर ठेवल्याने वापर आटोक्यात राहिला. आपल्या गावाला मीटर लगेच झेपणार नाहीत, पण वापराप्रमाणे पैसे मोजायला लोक तयार होतात, हे ते उदाहरण सांगते.

ठेकेदाराची अनामत दोष दायित्व कालावधी, म्हणजे कामातले दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याची मुदत, संपेपर्यंत परत जात नाही, हेही लक्षात ठेवा. मोजमाप पुस्तिकेची प्रत आणि वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना माहिती अधिकारात मागता येतो. टोकाच्या वस्तीचे काम पूर्ण होईपर्यंत ‘त्रुटींच्या यादीसह, तात्पुरत्या चाचणीसाठी’ योजना चालवायला घेत असल्याचे पत्र द्या. गावाचे पाणी सुरू राहील आणि त्या वस्तीचा हक्कही कागदावर टिकेल.

प्रश्न : मी पुण्यात खाजगी नोकरी करतो. गावी आईच्या नावावर घरकुल मंजूर झाले आहे. मला दर आठवड्याला जाता येत नाही. गवंडी ओळखीचा आहे, पण काम चांगले होते आहे की नाही, हे लांबून कसे कळणार?

उत्तर : आपल्या आईंनाच देखरेख करू द्या, घर त्यांचे आहे आणि त्या रोज तिथे आहेत. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपये टप्प्याटप्प्याने, बांधकामाचे फोटो पाहून मिळतात, आणि घर स्वयंपाकघरासह किमान २५ चौरस मीटरचे असावे लागते. या पैशात तीन खोल्यांचा पाया घालण्याचा मोह अनेकांना होतो, आणि मग भिंती खिडकीपर्यंत येऊन थांबतात. एक खोली, स्वयंपाकघर आणि संडास छपरासह पूर्ण करा. वाढीव खोलीसाठी जागा सोडली की पुरे.

आईंना तीन गोष्टी सांगा. सिमेंटच्या गोणीवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष छापलेले असते. तीन महिन्यांहून जुनी गोणी घ्यायची नाही, आणि आलेल्या गोण्या जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून रचायच्या नाहीत. दुसरे, काँक्रीट कालवताना ५० किलोच्या एका गोणीला पाणी दहा लिटरच्या अडीच बादल्यांच्या आसपास, आणि वाळू ओली असेल तर त्याहून कमी. पातळ काँक्रीट ओतायला सोपे जाते म्हणून गवंडी पाणी वाढवतात आणि स्लॅबची ताकद तिथेच जाते. तिसरे, स्लॅबवर मातीचे आळे करून पाणी साठवायचे आणि ते निदान दहा दिवस सुकू द्यायचे नाही. या तिन्ही गोष्टी पाहायला शिक्षण लागत नाही, चिकाटी लागते.

एक गोष्ट मात्र गवंड्याशी आपणच बोला. खिडक्या-दारांच्या वर लिंटेलचा, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटचा, पट्टा चारही भिंतींवरून अखंड फिरवून घ्या. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जी हजारो माणसे गेली, त्यांतली बहुतेक दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरच्या माळवदाचे ओझे अंगावर येऊन गेली. त्या भिंती एकमेकींना कशानेच बांधलेल्या नव्हत्या. पुढे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत घरांच्या दुरुस्तीचा आणि मजबुतीकरणाचा जो कार्यक्रम झाला, त्यात पैसा हप्त्याहप्त्याने घरमालकांकडे आला आणि काम त्यांनीच करून घेतले. गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमले होते. घरोघरी जाऊन भिंत कशी बांधायची, साहित्य कसे तपासायचे, हे त्या समजावून सांगत. त्या मोठ्या कामातला हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

प्रश्न : ठाण्यातील आमच्या ६४ सदनिकांच्या सोसायटीची इमारत २८ वर्षांची आहे. तीन ठेकेदारांनी दुरुस्तीचे सरसकट दर दिले, त्यांत जवळपास दुपटीचा फरक आहे. काही सभासद म्हणतात, रंग काढून घेऊ, पुढचे पुढे पाहू. वर्गणी सर्वांना सारखी असावी की क्षेत्रफळावर, यावरूनही सभा उधळली जाते.

उत्तर : सरसकट दरांची तुलना होऊच शकत नाही, कारण तिघांनी तीन वेगवेगळी कामे मनात धरलेली आहेत. आधी संरचनात्मक तपासणी करून घ्या. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी ती करायची असते, त्यामुळे आपली वेळ तशीही झालेली आहे. तपासणारा अभियंता सोसायटीने नेमलेला आणि सोसायटीकडूनच मानधन घेणारा असावा. ठेकेदाराने ‘मोफत’ आणलेला तज्ज्ञ स्वीकारू नका. आपण नेमलेल्या अभियंत्याकडून कामांची बाबवार यादी आणि परिमाणे घ्या, मग त्या एकाच यादीवर तिघांचे दर मागवा.

रंग आधी काढण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. पाणी भेगेतून सळईपर्यंत जाते, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि आतून काँक्रीट फोडतो. वरून दिलेला रंग हे सारे काही वर्षे डोळ्यांआड ठेवतो, एवढेच. क्रम ठरलेला आहे: गच्चीची गळती आणि बाहेरचे सांडपाण्याचे पाइप प्रथम, त्यानंतर खांब, तुळया आणि छज्जे, मग गिलावा आणि शेवटी रंग. पैसे कमी पडले, तर रंग पुढे ढकला. खांब पुढे ढकलू नका.

पोकळ गिलाव्याचे मोजमाप करताना समितीच्या एका सभासदाने परांचीवर उभे राहण्याचे धाडस करावे, किंवा निदान हाताशी येणाऱ्या भागात हजर राहावे. हातोडीने भिंतीवर हलके ठोकत गेले की, भरीव भाग ठणठणीत वाजतो आणि सुटलेला गिलावा घुमतो. त्या भागाला खडूने चौकट आखायची, मोजायचे, फोटो काढायचे आणि त्यानंतरच तोडायचे. तोडल्यावर मोजलेल्या क्षेत्रफळावर वाद घालता येत नाही, आणि बहुतेक सोसायट्यांचा खर्च इथेच फुगतो. खांबाचे काँक्रीट सोलण्यापूर्वी टेकू दिले आहेत का, हे अभियंत्याने लिहून दिल्याशिवाय काम सुरू होऊ देऊ नका. प्रत्येक देयकातून पाच टक्के रक्कम रोखून ठेवा आणि निदान एक पावसाळा गेल्यावरच ती सोडा.

वर्गणीचा वाद उपविधींनी बऱ्याच अंशी सोडवलेला आहे. सेवा शुल्क सर्वांना समान, पाण्याचा आकार नळांच्या संख्येवर, तर दुरुस्ती निधी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी किंवा पुनर्बांधणीसाठी साठवायचा निधी, किमान ०.२५ टक्के. बांधकाम खर्च क्षेत्रफळाप्रमाणे बदलतो, म्हणून मोठ्या सदनिकेने अधिक द्यायचे, हे सूत्र त्यातच आहे. आपल्या सोसायटीने ही टक्केवारी २८ वर्षांपूर्वीच्या खर्चावर मोजत ठेवली असेल, तर निधी अपुरा पडणारच. सर्वसाधारण सभेला ते प्रमाण वाढवता येते. सिंकिंग फंड काढण्यासाठी सभेचा ठराव आणि वास्तुविशारदाचा दाखला घ्या. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरातून होणारी गळती ही त्या सभासदाची जबाबदारी आहे, गच्चीची आणि बाहेरच्या भिंतीची सोसायटीची.

प्रश्न : मी नागपूरचा असून सध्या मलावीत एका संस्थेच्या पाण्याच्या प्रकल्पावर अभियंता आहे. आमच्याकडे नव्या हातपंपांची संख्या दरवर्षी वाढते, पण जुने बंद पडत जातात. वरिष्ठ नव्या पंपांचाच अहवाल मागतात. आपल्याकडचा अनुभव इथे उपयोगी पडेल का?

उत्तर : नक्कीच पडेल, आणि त्याची सुरुवात तर महाराष्ट्रातच झाली आहे. १९६०च्या दशकापर्यंत आपल्याकडे विंधनविहिरींवर ओतीव लोखंडाचे जे पंप बसत, ते मुळात परदेशातल्या एका शेतघराच्या वापरासाठी आखलेले होते. दिवसभर शेकडो हात त्यांवर पडू लागले तसे ते भराभर मोडू लागले. जालना आणि सोलापूर इथल्या ख्रिस्ती मिशनच्या विंधनविहीर पथकांनी यावर उपाय शोधला. दांड्याला साखळी आणि एकच फिरता सांधा द्यायचा, डोके पोलादी पत्र्याचे वेल्ड करून बनवायचे आणि पंप केसिंगवर, म्हणजे विंधनविहिरीच्या तोंडाशी बसवलेल्या पाइपवर, न बसवता काँक्रीटमध्ये पक्का रोवायचा. त्या सोलापूर पंपाच्या आधारे १९७०च्या दशकात युनिसेफ, रिचर्डसन अँड क्रुडास आणि इतरांनी मिळून इंडिया मार्क टू पंप तयार केला, जो आज आफ्रिकेतही ठिकठिकाणी दिसतो.

तो टिकाऊ होता, पण त्याच्या दुरुस्तीत एक अडचण राहून गेली. खालचे सिलिंडर पाइपपेक्षा रुंद असल्यामुळे साधा वॉशर बदलायलासुद्धा सगळे लोखंडी पाइप वर ओढावे लागत. त्यासाठी तिपाई, गाडी आणि तालुक्याहून येणारे पथक हवे. पथक यायला आठवडे लागत आणि तोवर बायका पुन्हा ओढ्यावर जात. म्हणून मार्क थ्री पंपात पाइप रुंद केले, म्हणजे सिलिंडरमधला पाणी उचलणारा दट्ट्या त्यातूनच वर काढता येतो. तुमच्याकडच्या अफ्रिडेव्ह पंपाचे मूळ तर मलावीतल्याच मालदेव पंपात आहे, आणि त्याचाही दट्ट्या आणि तळाची झडप साध्या अवजाराने गावातच काढता येते. याचा अर्थ पंपाची रचना आपल्या बाजूची आहे. अडत असेल ते सुट्या भागांपाशी आणि माणसांपाशी.

वरिष्ठांच्या अहवालात एक रकाना वाढवून घ्या: पंप कोणत्या तारखेला बंद पडला, कोणत्या तारखेला सुरू झाला, आणि मधले दिवस किती. बसवलेल्या पंपांच्या आकड्याशेजारी बंद दिवसांची बेरीज छापली जाऊ लागली की, पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात वॉशर आणि सळ्यांसाठी पैसे मागणे सोपे होते. सुटे भाग आपल्या संस्थेच्या गोदामात ठेवू नका. लोक जिथे आठवड्याच्या बाजाराला जातात, तिथल्या दुकानदाराकडे ठेवा आणि त्याला त्यावर नफा मिळू द्या, म्हणजे आपली संस्था तिथून गेल्यावरही तो ते मागवत राहील. प्रत्येक पंपावर पाणी भरणाऱ्या दोन बायकांना अवजारांसह दुरुस्ती शिकवा, कारण पंप बंद पडल्याचा त्रास पहिल्या तासात त्यांनाच होतो.

शेवटचे, रोजच्या पाहणीतले. पंपाजवळ गेल्यावर दांडा हापसताना पाणी येईपर्यंत किती वेळा हापसावे लागते, ते मोजा. रात्रभर बंद असलेल्या पंपाला सकाळी पंधरा-वीस वेळा हापसल्यावर पाणी येत असेल, तर तळाची झडप गळते आहे. पाणी लगेच येऊनही धार बारीक असेल, तर वॉशर झिजला आहे. चांगल्या मार्क टू पंपाला ४० वेळा हापसल्यावर १२ ते १५ लिटर पाणी मिळते, अफ्रिडेव्हसाठी तुमच्या भागातला एक नवा पंप मोजून तसाच आकडा ठरवून ठेवा. ही दोन मापे महिन्यातून एकदा त्या बायकांकडूनच वहीत लिहून घ्या, म्हणजे पंप बंद पडण्याच्या कितीतरी आधी वॉशर मागवता येईल.